गावकीची खोली आणि चौदाव्या मजल्यावरचे कारागीर

१२ सप्टेंबर २०२५ ला गिरगावातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर वार्षिक सभेची नोटीस लागली. गणपती जाऊन आठवडा झालेला, पितृपक्ष चालू. विषयपत्रिकेवर हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, लिफ्टचा देखभाल करार, गच्चीची गळती असं नेहमीचंच सगळं. सातवा विषय मात्र नवा होता: ‘यापुढे कोणत्याही सभासदाने आपली सदनिका परप्रांतीय व्यक्तीस, तसेच कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषांस भाड्याने देऊ नये. दिल्यास दरमहा ५,००० रुपये दंड आकारण्यात येईल.’

सोसायट्यांमधली भांडणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याआधी मिटावीत, असं काम मी करते. सचिवकाकांनी फोन केला तेव्हा त्यांचं मागणं लहान होतं. “ताई, ठराव कायद्यात बसतो का तेवढं सांगा. सभा २८ तारखेला आहे.” उत्तर मला फोनवरच ठाऊक होतं. तरी म्हटलं, येते. ‘परप्रांतीय’ म्हणजे नेमकं कोण, हे मला त्या इमारतीत बसून ऐकायचं होतं. सभेपर्यंत मी तिथे जात राहिले. इथे कोणाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधीची चाळ

आज जिथे अठरा मजले उभे आहेत तिथे चाळ होती. तळमजला आणि वर तीन माळे, माळ्यावर सोळा खोल्या, लांब गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. ती भरली बाहेरून आलेल्या माणसांनीच. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांपैकी ८४ जणांचा जन्म शहराबाहेर झालेला होता, आणि या आलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सगळ्यांत मोठा होता. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला. ज्यांना आपण या शहराचे मूळ रहिवासी म्हणतो, त्यांतल्या बहुतेकांचे आजे-पणजे बोटीने येऊन धक्क्यावर उतरलेले चाकरमानी होते. कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन यांनी तसं म्हटलं तर गोष्ट वेगळी.

या चाळीत पहिल्या माळ्यावर राजापूर तालुक्यातल्या एका गावाची खोली होती. गावकीची खोली म्हणजे काय, हे आता गिरगाव-लालबागबाहेर समजावून सांगावं लागतं. गावातली माणसं वर्गणी काढून पागडीने एक खोली घेत. दहा बाय बाराच्या त्या जागेत वीस-वीस गडी राहत. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक भिंतीवरच्या फळीवर, तिच्यावर वळकटी. दिवसपाळीचा उठून गिरणीत गेला की त्याच्या जागी रातपाळीचा आडवा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या बोलीने. पाणी भरायची नि केर काढायची पाळी लावलेली. ग्रामदेवतेच्या तसबिरीखाली नियमांचा कागद: दारू पिऊन आलेल्याला दार बंद, घरी पैसे न पाठवणाऱ्याला गावकीपुढे जाब. बायकामुलं गावी. शिमग्याला आणि गणपतीला खोली जवळजवळ रिकामी.

ही खोली संपली नाही. जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारकडे उपकर भरणाऱ्या, इमारतींसाठी मुंबईच्या विकास नियमावलीत असलेल्या ३३(७) या नियमाखाली चाळीचा पुनर्विकास झाला, २०१८ मध्ये नव्या इमारतीच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा बाकीच्या भाडेकरूंसारखी ग्रामस्थ मंडळालाही तिसऱ्या मजल्यावर एक सदनिका मिळाली. चटई क्षेत्र सुमारे तीनशे चौरस फूट, स्वतःचा संडास, स्वतःची मोरी. गावातून पोरगा आला की आजही आधी तिथेच उतरतो. गिरणीऐवजी आता तो कुरिअरवर, मॉलमध्ये किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर असतो.

हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. ठराव लिहिणाऱ्यांनाही ते माहीत होतं. पण ठराव आणि ती खोली या दोन गोष्टी कोणी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

भाडेकरू कोणी आणले

नवीन इमारत मिळाली आणि जुनी माणसं हळूहळू निघून गेली. कारण साधं आहे. चाळीचं भाडं म्हणजे चिल्लर होती. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, वॉचमन, विमा, मालमत्ता कर धरून महिन्याला काही हजार मेंटेनन्स येतो. निवृत्त माणसाला तो जड जातो. उलट गिरगावातली जागा भाड्याने दिली तर तेवढ्या पैशात डोंबिवलीला किंवा विरारला दोन खोल्यांचं घर भाड्याने मिळतं आणि वर चार पैसे हातात उरतात. आज निम्म्याहून जास्त सदनिकांत मूळ कुटुंब राहत नाही.

म्हणजे ज्यांच्याविरुद्ध ठराव आला त्यांना इमारतीत आणलं ते चाळीच्याच लेकरांनी. चौदाव्या मजल्यावरची सदनिका ज्यांची आहे ते काका या चाळीत जन्मले, इथल्याच गणेशोत्सव मंडळाचे दहा वर्षं खजिनदार होते, आता डोंबिवलीला मुलाजवळ राहतात. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी भाड्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. औषधं, नातीची फी, उरलेलं मेंटेनन्सला. “मराठी माणूस तेवढंच भाडं देत असेल तर उद्या किल्ली देतो. तीन महिने जागा रिकामी होती, तेव्हा कोणी विचारायला आलं नाही.”

त्यांचे भाडेकरू म्हणजे सोन्याच्या दागिन्यांचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचे आठ कारागीर. पश्चिम मेदिनीपूरमधल्या घाटाल-दासपूर भागातले. तिथून मुंबई, सुरत, दिल्लीला सोनारकामासाठी जाणं ही आता पिढ्यांची रीत आहे. झवेरी बाजार इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. सकाळी नऊला जातात, रात्री अकरा-साडेअकराला येतात. सगळ्यांत मोठा एकोणीस वर्षं मुंबईत आहे, त्याला बाकीचे दादा म्हणतात. बंगालीतही दादा, मराठीतही दादा, त्यामुळे मीही दादाच म्हणू लागले.

तक्रारी

तीसेक घरांत बसून मी तक्रारी ऐकल्या. सुरुवात सगळीकडे मोठ्या शब्दांनी व्हायची. मुंबई आपली राहिली नाही. हे लोक येऊन बसले. बांगलादेशी आहेत, कार्ड काय, कुठेही मिळतं. मी चहा संपेपर्यंत काही बोलायचे नाही. मग विचारायचे, तुम्हाला स्वतःला काय त्रास झाला? तिथून पुढे बोलणं बदलायचं.

पाणी. सकाळी टाकी भरते, साडेआठपर्यंत वरच्या मजल्यांचं पाणी संपतं. तेराव्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी सून बाळंतीण होती, आणि दोनदा बाळाच्या आंघोळीच्या वेळी नळ कोरडा पडला होता.

चपला. आठ माणसांच्या सोळा चपला पॅसेजमध्ये, सांडून लिफ्टपर्यंत.

रात्र. चौदाव्या मजल्यावर राहणारी एक मुलगी ऑफिसातून अकराच्या सुमारास येते. लिफ्टमध्ये तिच्याबरोबर चार-पाच पुरुष, तिला न कळणाऱ्या भाषेत बोलणारे. कोणी कधी वावगं बोललं नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं. “पण ताई, काय बोलतात ते कळत नाही ना. आणि मजल्यावरचा दिवा मार्चपासून बंद आहे.” ही तक्रार मला सगळ्यांत खरी वाटली. भीती वाटायला कोणी गुन्हा करावा लागत नाही. पण तिच्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या, अनोळखी भाषा आणि बंद दिवा, आणि दिवा दुरुस्त करणं कमिटीच्या हातात होतं. सहा महिने कोणी ते केलं नव्हतं.

मासळीची तक्रार मात्र जुन्या रहिवाशांकडून एकही आली नाही. ती शेजारच्या, बिल्डरने बाहेरच्यांना विकायला बांधलेल्या टॉवरमधून येते, आणि बंगाली रोहूविरुद्ध जितकी येते तितकीच कोकणी सुक्या बांगड्याविरुद्धही. त्या टॉवरचं गेट वेगळं आहे. तिथल्या काही घरांना शेजारी सुकटीचा वास नको असतो, हे या इमारतीला चांगलं ठाऊक आहे, आणि तो अपमान मनात घर करून बसलेला आहे.

मग भाषा. पंचविशीतला एक मुलगा, ठरावाचा अनुमोदक, याविषयी सगळ्यांत तळमळीने बोलला. त्याला मी ऐकून घेतलं, कारण त्याच्याकडे आकडे होते आणि ते खरे होते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबईत मातृभाषा मराठी सांगणाऱ्यांची संख्या ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आली, हिंदी सांगणाऱ्यांची सुमारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये मराठी असल्यामुळे एका बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, ती चित्रफीत त्याने मला दाखवली. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला आणि विरोध झाल्यावर २९ जूनला मागे घ्यावा लागला, तेव्हा तो रस्त्यावर होता. “ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. दर्जा मिळाला आणि मला माझ्याच इमारतीत वॉचमनशी हिंदीत बोलावं लागतं.”

या मुलाला संकुचित म्हणून बाजूला सारणारी माणसं मला माहीत आहेत, आणि त्यांची मला चीड येते. भाषेचं राज्य १ मे १९६० ला मागून मिळालेलं नाही, त्यासाठी माणसं गोळ्यांना सामोरी गेली. आपल्या शहरात आपल्या भाषेत दिवस काढता यावा ही इच्छा कोणाच्या द्वेषातून येत नाही. पण त्याच्या ठरावात भाषेचा उल्लेखच नव्हता. त्याला हवी होती मराठी, आणि लिहिलं होतं ‘परप्रांतीय’. पुण्यात जन्मलेला, अस्खलित मराठी बोलणारा तमिळ मुलगा या शब्दात अडकला असता, आणि मराठी न वाचणारा मुंबईचाच मराठी आडनावाचा मुलगा सुटला असता.

जूनमधली गोष्ट

पाणी आणि चपला यांच्यावर इतका कडक ठराव निघत नाही. मधे काहीतरी झालं असणार असं वाटत होतं. ते मला चौथ्या भेटीत कळलं.

जूनमध्ये इमारतीतून कोणीतरी निनावी तक्रार केली की चौदाव्या मजल्यावर बांगलादेशी राहतात. पोलीस आले, आठही जणांची कागदपत्रं पाहिली, दोघांना घेऊन गेले. आधार, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, गावच्या पंचायतीचं पत्र असं सगळं ठेकेदाराने नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे परत आले. त्यांतला एक बावीस वर्षांचा होता, तो गावी निघून गेला. त्याच्या जागी दुसरा आला.

त्या दिवसांत हवाच तशी होती. त्याच जूनमध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधल्या काही कामगारांना सीमेपलीकडे बांगलादेशात ढकललं गेलं होतं, आणि ते भारतीय असल्याचं स्पष्ट झाल्यावर परत आणावं लागलं होतं. दादांच्या फोनवर त्या बातम्या बंगालीत येत होत्या. बेकायदा आलेल्या परकीय नागरिकांना शोधणं हे सरकारचं काम आहे आणि ते त्याने करावं. पण नागरिक कोण, हे सोसायटीची कमिटी बोलण्याच्या ढंगावरून ठरवू शकत नाही. बंगाली ही या देशाची भाषा आहे, हे वाक्य मला त्या इमारतीत अनेकदा म्हणावं लागलं.

तपासात काही निघालं नाही, तेव्हा तक्रार करणाऱ्याचा संशय संपायला हवा होता. उलट झालं. पोलीस आले होते म्हणजे काहीतरी असणार, असं सगळे म्हणू लागले. लोकांची मतं कशी घडतात हे मला त्या जिन्यात जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकात कळलं नव्हतं. तपासात माणूस निर्दोष ठरला हे तळमजल्यावरच राहिलं, आणि तपास झाला हे अठराव्या मजल्यापर्यंत पोचलं.

या शहरात ‘बाहेरचा’ हे पात्र बदलत आलं आहे. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली त्या काळात रोख दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांवर आणि उडुपी हॉटेलवाल्यांवर होता. २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मार बसला. आता बंगाली बोलणारा. दर वेळी मागे एक खरं दुखणं असतं. साठच्या दशकात मराठी पदवीधराला नोकरी मिळत नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांची चूल विझत गेली. पण ती चूल विझवण्यात मद्रासी कारकुनाचा हात नव्हता, जौनपूरच्या दूधवाल्याचाही नव्हता. मिलच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, ते कोणी बांधले हे गिरणगावातला शेंबडा पोरही सांगेल.

कायदा

सचिवकाकांना मी लेखी उत्तर दिलं, ते एका पानाचं होतं. भारतात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १९(१)(ङ) ने दिला आहे. सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, सभासदाने भाडेकरू ठेवण्याआधी सोसायटीला कळवायचं असतं, करार नोंदवलेला असावा लागतो, पोलिसांना माहिती द्यावी लागते. सभासद स्वतः राहत नसल्याबद्दल घेतले जाणारे नॉन-ऑक्युपन्सीचे पैसे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाहीत. प्रांत पाहून ५,००० रुपये दंड लावला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे पहिल्या सुनावणीत ठराव पडेल.

अनुमोदक मुलाने लगेच विचारलं, मग पारशांची सोसायटी कशी चालते? प्रश्न बिनतोड होता. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाजूने निकाल दिला आणि सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा तिचा उपविधी वैध ठरवला. मी त्याला दोन उत्तरं दिली. एक, तो उपविधी त्या संस्थेच्या नोंदणीतच होता, तुमच्याकडे तसं काही नाही. दोन, तो निकाल मला पटत नाही. मुलुंडच्या बाईंना ज्याने दार लावलं त्याच्याही हातात तो निकाल देता येतो.

तो गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, विचारात पडला म्हणून.

मोरी एक, माणसं आठ

१७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होती. बंगाली कारागिरांचा तो मोठा दिवस, हत्यारांची पूजा करतात, काम बंद. म्हणून आठही जण दुपारी घरी सापडले. मी वर निघाले तेव्हा तेराव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, थांबा, मीही येते. तीन वर्षांत त्या एकदाही त्या दारापलीकडे गेल्या नव्हत्या.

दार उघडल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य हिंदीत गेलं. नंतर दादांनी सांगितलं तेव्हा ते मला टोचलं. “एकोणीस साल में किसी ने मराठी में बात किया ही नहीं. हम मुँह खोलता है तो सब हिंदी चालू करता है.” कारखान्यात बंगाली, शेठशी हिंदी-गुजराती, रस्त्यावर हिंदी. त्यांना मराठी समजते, तोळा-गुंज-मासा मराठीत मोजतात, पण वाक्य जुळवायची वेळच आली नाही. मराठीसाठी जीव टाकणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांना आपली भाषा दिली कुठे? पाणी साडेआठपर्यंतच असतं हा फलकावरचा कागद तीन वर्षं मराठीत लावलेला होता. त्यांना तो वाचता येत नव्हता आणि कोणी वाचून दाखवला नव्हता. पाणी का जातं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वहिनी आत उभ्या राहून बघत होत्या. भिंतीला लावलेल्या गाद्यांच्या गुंडाळ्या, फळीवर आठ बॅगा, स्वयंपाकाच्या पाळीचा बंगाली कागद, कोपऱ्यात कालीमातेची तसबीर. मला वाटलं, आता त्यांना गावकीची खोली आठवेल. आठवलीही असेल. पण बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या ते वेगळं होतं. “आठ माणसं आणि मोरी एक. मग पाणी जाणारच. ह्यांच्या जागी माझे भाऊ असते तरी गेलंच असतं.”

या प्रकरणात माझ्या कामाला आलेलं सगळ्यांत मोलाचं वाक्य ते. त्यांना त्या मुलांबद्दल माया वाटू लागली नव्हती, तसा त्यांनी आवही आणला नाही. त्यांची तक्रार तेवढीच राहिली, फक्त ती माणसांवरून उठून आकड्यावर जाऊन बसली.

सभा

२८ तारखेला पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. सातवा विषय आला तेव्हा सचिवकाकांनी माझं पत्र वाचलं. कायद्यात बसत नाही म्हटल्यावर गलका झाला. कायदा आपल्यालाच का, असं कोणी म्हणालं. मग वहिनींनी आपलं म्हणणं मांडलं, प्रांत राहू द्या, माणसं किती ते ठरवा. एका सदनिकेत सहा, त्यावर नको.

मान्य होतंय असं वाटत असतानाच मागून कोणीतरी विचारलं, मग तिसऱ्या मजल्याचं काय? गावकीच्या खोलीत तेव्हा अकरा जण होते.

सगळे गप्प. सूचकांनी लगेच तोड काढली: ‘ग्रामस्थ मंडळाची सदनिका वगळून’ असं घाला. माना डोलल्या. तेवढ्यात मंडळाचे म्हातारे कार्यवाह उभे राहिले. पोस्टात होते, निवृत्त झाले. चाळीतल्या त्या खोलीत त्यांची बारा वर्षं गेली.

“वगळून नको,” ते म्हणाले. “वगळलं म्हणजे उद्या तुम्ही मला सांगणार, तात्या, तुमच्यावर मेहरबानी केली. २०२० साली आम्ही गणपतीला गावाला गेलो तर गावाने आम्हाला शाळेत ठेवलं. दहा दिवस. बायको कुंपणाजवळ भाकरी ठेवायची नि मागं सरायची. आम्हाला मुंबईवाले म्हणायचे, रोग घेऊन आले म्हणायचे. आईशपथ, लागलं मनाला. पण नियम सगळ्यांना होता. सरपंचाचा भाऊ पण शाळेतच होता माझ्या शेजारी. म्हणून सोसलं. सहा म्हणता ना, मग सहा. आमचे पण सहा.”

ठरावातून ‘परप्रांतीय’ गेलं, ‘कुटुंबाशिवाय राहणारे पुरुष’ गेलं, दंडही गेला. राहिलं ते असं: एका सदनिकेत सहापेक्षा जास्त प्रौढ नसावेत असा संकेत, जादा झाल्यास सभासदाला पत्र, आणि हे १ जानेवारीपासून. सगळ्या भाडेकरूंचे करार नोंदवून प्रत कमिटीकडे द्यायची, गावकीच्या खोलीतल्या पोरांची नावंही. मजल्यांवरचे दिवे पंधरा दिवसांत. अनुमोदक मुलाने शेवटी स्वतंत्र ठराव मांडला, इमारतीचा कारभार आणि सूचना मराठीतच राहतील आणि नवीन भाडेकरूला पहिल्या आठवड्यात त्या मराठीतच, सावकाश, तोंडी समजावल्या जातील. समजावणारा म्हणून त्याने स्वतःचं नाव दिलं. दोन्ही ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाले. सूचक आणि आणखी चौघे विरोधात राहिले. त्यांचं मत आजही तेच आहे, आणि इतिवृत्तात ते त्यांच्या शब्दांत नोंदलेलं आहे. तसंच असायला हवं.

जानेवारी

ठेकेदाराने दोन कारागिरांना भायंदरला हलवलं. त्यांना आता झवेरी बाजारात यायला येऊन-जाऊन तीन तास लागतात. दिवे लागले. पाणी नऊपर्यंत पुरतं, वहिनींनी स्वतः फोन करून सांगितलं. मुलगी म्हणाली, लिफ्टमध्ये अजून सावधच असते, पण आता त्यातल्या एकाचं नाव माहीत आहे. दादा अनुमोदक मुलाशी मराठीत बोलतात, चुकत-माकत, आणि तो हिंदीवर येत नाही. दोघांनाही ते जड जातं. ठेकेदार मात्र पुढचा करार करेल की नाही, यावर डोंबिवलीच्या काकांची झोप उडालेली आहे.

तिसऱ्या मजल्यावर पाच जण जास्त होते. दोघे नालासोपाऱ्याला नातेवाइकांकडे गेले, एक गावी परतला, एकाने कामावरच झोपायची सोय केली. पाचवा एकोणीस वर्षांचा आहे. डिलिव्हरीची गाडी चालवतो, मुंबईत त्याचं त्या खोलीशिवाय कोणी नाही. तो सातवा आहे.

गेल्या आठवड्यात सचिवकाकांचा फोन आला. ते त्याच गावचे. पत्र टाइप करून टेबलावर ठेवलंय म्हणाले, सही व्हायची आहे. “तात्या म्हणतात, द्या पत्र. ताई, काय करू?”

मी म्हटलं, चौदाव्या मजल्यावर आज सातवा असता तर काय केलं असतंत, तेच करा.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ठेवतो म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही, आणि पत्र गेलं की नाही हे मीही विचारलेलं नाही.